खुर्चीमागची जागा

माझी सासू सातपाटीला पापलेट विकते आणि तिच्या तोंडाला शहाणा माणूस लागत नाही. आम्ही नवराबायको रविवारचं पालघरला एका सभेला चाललोय हे कळल्यावर तिनं विचारलं, सभा कसली? मी सांगितलं, पडद्यावर मारामारीचा खेळ असतो ना, तो खेळताना खेळणाऱ्याच्या मागे उभं राहून कोणी बोलावं की नाही, ते ठरवायचंय. तिनं हातातली टोपली खाली ठेवली. “तुमाला कामधंदा हाय का नाय?” म्हणाली. “बोलायचं तर बोला, नाय तर गप बसा. त्याला सभा कशाला लागते गं?”

मी हसले. पण मला ठाऊक होतं तिथं काय ठरणार ते. त्या खेळात माझी म्हणून एकच जागा उरली होती, नवऱ्याच्या खुर्चीच्या मागची. तीच आता जाणार होती.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना दोन वाक्यांत सांगते. दोघं जण शेजारी शेजारी बसतात, प्रत्येकाचा एक गडी पडद्यावर असतो, आणि बटणं दाबून त्यांनी एकमेकांना बडवायचं असतं. डोक्यावर जिवाची पट्टी असते, ज्याची आधी संपली तो पडला, आणि तीनातल्या दोन फेऱ्या जो जिंकला त्याचा सामना. पोरकट वाटतं ना? मलाही कोणी नुसतं असं सांगितलं असतं तर पोरकटच वाटलं असतं.

माझे वडील सांगलीकडचे. गावच्या तालमीत अंगाला माती लावलेला माणूस, इथं बोईसरला येऊन केमिकल कंपनीत ड्रम ढकलत राहिला. आम्ही चाळीत राहायचो आणि बाजाराच्या मागच्या गल्लीत व्हिडिओ गेमचं दुकान होतं. कंपनीतून सुटलेली पोरं तिथं गर्दी करायची, कोणी यूपीचा, कोणी ओडिशाचा, कोणी आमच्या घाटावरचा. नियम एकच, जो हरेल तो उठेल. मी तिथली एकटीच मुलगी, आणि मला उठवता उठवता भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायचे. माझा गडी म्हणजे एक लठ्ठ पैलवान. चाल सावकाश, उडी नावाला, मार खात खात पुढे सरकायचं आणि हाताच्या अंतरात आलं की समोरच्याला धरून आपटायचं. तो कोणी घ्यायचं नाही. मी घेतला, कारण तो मला वडिलांसारखा वाटायचा.

आणि त्या दुकानात मागून बोलणारे किती म्हणून सांगू! “अरे पकड ना, पकड! पीछे हट!” दहा तोंडं, दहा सल्ले. माझं डोकंच फिरायचं. एकदा मी उठून एकाच्या हातात बटणं दिली आणि म्हटलं, “ले, तू ही खेल ले.” तो खेळला आणि आपटी खाऊन गप उठला. तेव्हा मला कोणी विचारलं असतं की मागून बोलू द्यावं का, तर मी म्हटलं असतं, बोलणाऱ्याच्या तोंडाला कुलूप घाला. हे मी मुद्दाम सांगतेय. मला दुसरी बाजू कळत नव्हती असं कोणी म्हणू नये.

पुढे मी एका लहान वर्कशॉपमध्ये प्रेसवर लागले. पत्र्याची झाकणं काढायचं काम. तिथं एका दुपारी माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची. बोईसरमध्ये याचं कोणाला फारसं नवल नाही, आमच्या चाळीतच तसे आणखी हात होते. भाकरी थापता येते, वेणी घालता येते, सुरी धरता येते. सगळं जमायला लागलं हळूहळू. पण बटणं उजव्या हाताची असतात आणि ती पापणी लवायच्या आत दाबावी लागतात, ते काही पुन्हा जमलं नाही. मी खूप करून पाहिलं. डोळ्यांना दिसतंय, डोक्यात डाव तयार आहे, आणि हात पोचेपर्यंत गडी आडवा. शेवटी मी ते बंद केलं आणि त्या गल्लीतून जायचंही सोडलं.

नवरा मला त्या वर्कशॉपमुळेच भेटला. तो सातपाटीचा, आधी बोटीवर खलाशी होता. मासळी कमी झाली, बोट विकली गेली आणि तो बोईसरच्या एका कंपनीत माल भरायच्या कामाला आला, आमची झाकणं न्यायला तोच यायचा. मी दवाखान्यात असताना तो सुक्या बोंबलाचं कालवण घेऊन यायचा आणि काही न बोलता डबा ठेवून जायचा. आमच्या घरच्यांनी त्याला वर्षभर दारात उभं केलं नाही, पण लग्न झालं ते झालंच.

त्यानं आयुष्यात कधी खेळाचं बटण दाबलं नव्हतं. लग्नानंतर मी एकदा माझी जुनी बटणांची पेटी काढून पुसत बसले होते, तर म्हणाला, “दे, मी दाबतो. तू सांग.” नुसतं माझं मन राखायला म्हणाला. मी मागे उभी राहिले आणि सांगायला लागले. आणि काय सांगू तुम्हाला! मी म्हणावं “थांब”, की त्याचा गडी वार अडवून उभा. मी म्हणावं “वड”, की त्यानं समोरच्याला ओढून आपटलेला. माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडायला आणि त्याचं बोट पडायला अंतरच नव्हतं. मी शिट्टी मारली आनंदानं. सासू आमच्याकडे आली होती, ती आतून ओरडली, “शिट्ट्या कोन मारतंय घरात?”

मी त्याला विचारलं, अरे, तू विचार कधी करतोस? तो म्हणाला, “विचार कशाला? बोटीवर तांडेल बगतो, खलाशी वडतो. खलाशी विचार करायला लागला तर जालं जातं, नाय तर हात जातो.” तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य. इंजिनाच्या आवाजात, लाटेत, तो एकेका शब्दाची हाक देतो आणि बाकीचे ती हाक झेलतात. थांब, सोड, वड. हे शब्द त्याच्या हाडात मुरलेले होते, म्हणून आम्ही तेच ठेवले. थांब म्हणजे अडव. सोड म्हणजे मागे हो. वड म्हणजे धर आणि आपट. ती आमची रीत झाली. डोळे माझे, हात त्याचे. लोक चेष्टा करायचे, आंधळ्या-पांगळ्याची जोडी म्हणायचे. म्हणू देत. मी तर म्हणेन, त्या वर्षांत आमच्यासारखं भांडणतंटा नसलेलं जोडपं सबंध तालुक्यात नव्हतं. मी दिवसभर त्याला हुकूम सोडायची आणि तो ऐकायचा, आणखी काय पाहिजे बाईला?

पालघरला पोरांनी मंडळ काढलं होतं. कोळगावच्या रस्त्याला एका हॉलमध्ये त्यांच्या स्पर्धा भरायच्या. आम्ही स्कूटरवरून जायचो, पेटी माझ्या मांडीवर. सुरुवातीला कोणी काही बोललं नाही. एक बाई नवऱ्याच्या मागे उभी राहून कानाशी काहीतरी पुटपुटते याची त्यांना गंमत वाटायची. मग आम्ही जिंकायला लागलो. आणि गेल्या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात आम्ही इथल्याच, पालघरजवळच्या माहीमच्या एका वाडीवाल्याला हरवलं, तेव्हा गंमत संपली.

तो मनुष्य वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मला शिव्या तरी घालता आल्या असत्या. घरची चिकूची वाडी, पानवेली, अंगावर इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. एकटाच यायचा, एकटाच खेळायचा, हरला की समोरच्याचा हात हातात घ्यायचा. त्या दिवशी त्यानं माझ्या नवऱ्याचा हात धरला आणि मग वळून माझ्याकडे बघितलं. माझ्यापुढेही हात करावा की नाही हे त्याला कळेना. मीच हात मागे घेतला.

तर ती सभा. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, वीसेक टाळकी. मंडळाचा प्रमुख कॉलेजात शिकवणारा होता, त्यानं विषय मांडला. सामना चालू असताना खेळाडूला कोणी मदत करावी का? काही जण म्हणाले, दोन फेऱ्यांच्या मध्ये बोललं तर चालेल. काही म्हणाले, तेही नको. मी ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, कारण सगळे ‘कोणी’ म्हणत होते आणि बघत होते माझ्याकडे.

शेवटी मी उभी राहिले. म्हटलं, “कुस्तीच्या फडात वस्ताद काय तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो होय? माझे वडील सांगायचे, पट काढ, पट काढ म्हणून त्यांचा वस्ताद घसा फुटेपर्यंत ओरडायचा. ती कुस्ती खोटी झाली? आणि हा सातपाटीचा माणूस बसलाय इथं, त्याला विचारा. तांडेल बोललाच नाही तर बोट हाकायची कोणी? मासळी मग कोणाची, बोलणाऱ्याची का ओढणाऱ्याची?”

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जिंकले.

मग तो माहीमचा उठला. “वहिनी,” म्हणाला, “वस्ताद ओरडतो ते दोघांनाही ऐकू येतं. तुम्ही कानाशी बोलता. आणि बोटीचं म्हणाल तर समोर मासळी असते. इथं समोर मी असतो.” मग माझ्या नवऱ्याकडे वळला. “मला हरायचं वाईट वाटत नाही. पण मी कोणाकडून हरलो ते मला कळायला नको का? गेल्या वर्षी मी घरी गेलो, वडिलांनी विचारलं, कोण जिंकलं? मला सांगता येईना.”

एरवी माझी जीभ काय कमी चालते? पण तो खरं बोलत होता, आणि खऱ्यापुढे मला आयुष्यात कधी भांडता आलेलं नाही. मला दुकानातली ती दहा तोंडं आठवली. मी त्याच्या जागी असते तर मी याहून वाईट बोलले असते.

तेवढ्यात नवरा उठला. तो सभेत कधी बोलत नाही. म्हणाला, “हिची बोटं गेलीत, साहेब. नाय तर ही माझ्याहून भारी. आमी दोघं मिळून एक खेळाडू, तसं धरा ना. एकट्या आमच्यापुरतं.” आणि त्यानं माझा उजवा हात धरून वर केला, सगळ्यांना दिसावा म्हणून.

मी हात हिसकून घेतला. “माझी बोटं दाखवून भीक मागू नकोस,” म्हटलं, भर सभेत. त्याचं तोंड एवढंसं झालं. प्रमुख बिचारा खाली बघून म्हणाला, ताई, आम्हाला समजतंय, पण एकाला दिलं की सगळे मागणार. तेही खरंच होतं. त्या सभेत सगळे खरंच बोलत होते, त्याला काय करायचं?

मग हात वर करायला सांगितले. बोलू द्यावं म्हणणाऱ्यांत माझ्या नवऱ्याचा हात, आणखी तीनचार. मीही केला. मोजणारा पोरगा माझ्यापाशी आला, घुटमळला आणि पुढे गेला. मत फक्त खेळाडूंना होतं. मी खेळाडू नव्हते. हे इतक्या साध्या गोष्टीनं मला कळलं की रागही यायला उशीर झाला. नियम झाला, सामना चालू असताना कोणी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, खेळाडूच्या आसपास दोरीच्या आत कोणी उभं राहायचं नाही. बोललं तर तो सामना गेला.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, सोडून देऊ. मी म्हटलं, नाही. “तू एकटा खेळशील. मी तुला शिकवते. दोन महिने आहेत.” अंगात काय संचारलं होतं देव जाणे. मला वाटत होतं, माझं तोंड बंद झालं तरी मला जे दिसतं ते त्याच्या डोळ्यांत उतरवता येईल, मग मी दोरीबाहेर असले तरी आत असेन.

पहिली पाळी संपवून तो घरी आला, जेवला, की आम्ही बसायचो. खिडकी लावून घ्यावी लागायची, दुपारी वाऱ्याबरोबर कंपन्यांचा वास आत येतो. तो पेटी घेऊन पडद्यासमोर, मी नेहमीसारखी खुर्चीमागे उभी, ओठ दाबून. पहिले आठ-दहा दिवस कहर होता. घरबसल्या दूरच्या कोणाशीही खेळता येतं ना, तसा तो खेळायचा आणि कोणीही यायचा आणि आमच्या पैलवानाला तुडवून जायचा. मी ओठ चावायची. जीभ टाळ्याला चिकटवून ठेवायची. मधे मधे तो मान वळवायचा, मी नुसती मान हलवायची, नाही, पुढे बघ. फेरी संपली की मात्र सगळं सांगायची. समोरचा उडी मारायच्या आधी जरा मागे सरकतो, बघ. अडवून अडवून कंटाळला की पुढे येतो, तेव्हा धर.

मग हळूहळू तो जमवायला लागला. अडवलं. सोडलं. ओढलं. एका दुपारी तो पाठोपाठ जिंकत गेला आणि माझ्या तोंडातून एक अक्षर बाहेर पडलं नव्हतं. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. “अरे मेल्या, तुला येतंय की!” तो नुसता हसला. सासू आली होती सातपाटीहून मासळी घेऊन, ती दारातून बघत होती. “बरं झालं,” म्हणाली, “आता तुजं तोंड रिकामं झालं, जरा माज्याशी बोल.” त्या दिवशी आम्ही तिघं पोट धरून हसलो. त्या दोन महिन्यांतली तेवढी एक दुपार मला अजून गोड वाटते, आणि नेमकी तीच आठवली की मी उठून कामाला लागते.

स्पर्धेच्या रविवारी मे महिन्याचं ऊन होतं. हॉलमध्ये खेळणाऱ्यांच्या टेबलाभोवती दोरी बांधली होती, चांगली लांब. प्रेक्षकांच्या खुर्च्या मागे होत्या. मी दोरीला लागून उभी राहिले. नवऱ्यानं पेटी टेबलावर ठेवली, जोडली, खुर्चीत बसला आणि एकदा वळून बघितलं. मी हसून मान हलवली, जा. आणि पहिलाच सामना कोणाशी पडावा? माहीमच्या त्या वाडीवाल्याशी. त्यानं मला दुरून नमस्कार केला.

फेरी सुरू झाली. माहीमवाला सावध होता, गेल्या वर्षीचा मार त्याला आठवत असणार. दुरून टोचत होता. आमच्या गड्यानं अडवलं नाही. एक लागलं, दुसरं लागलं. मला वाटलं, बिचकलाय, आता सावरेल. पैलवान उभा होता. नुसता उभा. पुढे जाईना, मागे येईना. मार पडला की हलायचा आणि परत तसाच उभा. मागच्या खुर्च्यांतून कोणीतरी म्हणालं, पेटी बिघडली काय रे? माहीमवाल्यालाही काय चाललंय कळेना, तो मारायचा थांबला आणि शेजारी बघितलं. मंडळाचा पोरगा येऊन तार बघून गेला. पेटी चांगली होती. ती फेरी गेली.

दुसऱ्या फेरीत माहीमवाला जवळ आला. अगदी हाताच्या अंतरात. कदाचित मुद्दाम आला असेल, दया आली असेल. दोघांच्याही पट्ट्या भरलेल्या. मला दिसत होतं, आता धरायचं, आता, एवढंच करायचं. माझ्या तोंडात शब्द आला होता. वड. एक अक्षर आणि अर्धं अक्षर. बोलले तर नियमानं सामना गेला. नाही बोलले तर डोळ्यांसमोर चाललाच होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो काय असतो ते मला तिथं कळलं, बुक्के खाणारा दुसराच होता तरी. मी दोन्ही हातांनी दोरी धरली आणि गप्प राहिले. सभेत खरं बोलणाऱ्या त्या माणसासमोर मला खोटं पडायचं नव्हतं.

नवरा मान किंचित तिरकी करून बसला होता. लांबून मला त्याचा एक कान दिसत होता.

पैलवान पडला. माहीमवाल्यानं माझ्या नवऱ्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. माझ्याकडे यायला निघाला, पण मी तोंड फिरवलं.

आम्ही लगेच निघालो. बोईसरच्या रस्त्याला एका टपरीवर त्यानं स्कूटर थांबवली. चहा समोर आला. मी म्हटलं, अरे, झालं काय तुला? घरी तर किती सुरेख खेळत होतास! एकही शब्द मी बोलत नव्हते आणि तू सगळं बरोबर करत होतास.

तो माझ्याकडे वळला. “तू खुर्ची दाबायचीस ना,” म्हणाला.

“कसली खुर्ची?”

“घरी. मागून. जरा दाबलीस की थांब. हात काढलास की सोड. आणि जोरात दाबलीस की वड. मी म्हटलं, काय डोकं हाय हिचं! न बोलता बोलायची युक्ती काढली. मुद्दाम करत होतीस ना?”

खुर्चीच्या पाठीवर माझा हात असायचा हे खरं. नेहमीच असायचा. ओठ दाबून उभी राहायची तेव्हा तो किती दाबला जातो, कधी सुटतो, मला पत्ताच नव्हता. दोन महिने मी समजत होते की माझे डोळे त्याच्यात उतरतायत, आणि तो प्लास्टिकच्या पाठीतून माझ्या तीन बोटांची हाक झेलत बसला होता. त्याला एकट्याला काहीसुद्धा आलं नव्हतं. आणि त्याला वाटत होतं, आम्ही दोघं मिळून सगळ्यांना फसवतोय.

“मला माहीत नव्हतं रे,” मी म्हटलं.

“माहीत नव्हतं?” तो म्हणाला. “मी तितं वाट बगत होतो. मला वाटलं, हिनं तितं पण काय तरी काढलं असंल. लांबून खोकेल, चप्पल वाजवील. मी कान देऊन बसलो.”

मी रडायला लागले, टपरीवर, लोकांसमोर. तो मला गप करायला आला नाही. चहा संपवला, कप ठेवला आणि म्हणाला, “दुसऱ्या फेरीत तरी बोलायचं होतंस.”

“बोलले असते तर सामना गेला असता.”

“गेलाच ना? हरायचंच होतं, तर तुजा आवाज ऐकून हरलो असतो.”

तो रागावून म्हणाला नाही. रागावला असता तर मी भांडले असते, मला भांडण जमतं. त्यानं ते साधं सांगितलं. मग स्कूटर चालू केली, मी मागे बसले, आणि घरी येईपर्यंत माझा हात त्याच्या खांद्यावर ठेवायचं मला धाडस झालं नाही. उगाच काहीतरी हाक जायची.

पावसाळा त्यानं कसाबसा कंपनीत काढला. पडदा लावू का, असं मी एकदोनदा विचारलं, तो म्हणाला, नको. नारळी पुनवेनंतर बोटी निघाल्या, तेव्हा तो चुलतभावाच्या बोटीवर परत गेला. मासळी मिळत नाही, पगार तिथं धड नाही, हे त्याला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. सासूनं मला विचारलं, “का गं, भांडलात काय?” मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “बोटीवर खूश हाय तो. तांडेल चांगला खमक्या हाय, दिवसभर वरडतो.”

तो आठवडा आठवडा समुद्रावर असतो. आला की जेवतो, झोपतो, माझ्याशी चांगलं बोलतो. खेळाचं नाव आम्ही दोघंही काढत नाही. माहीमचा वाडीवाला त्या वर्षी जिंकला, चांगल्या रीतीनं, एकट्यानं. नियम बरोबरच आहे. मला पुन्हा विचारलं तर मी तो बदला म्हणणार नाही.

दुपारी घरी कोणी नसतं तेव्हा मी कधी कधी पेटी काढते. आता खुर्चीत मीच बसते. पैलवान निवडते. समोरचा चालून येतो, हाताच्या अंतरात येतो, मला सगळं दिसतं, कधी धरायचं ते अगदी स्वच्छ दिसतं. मी मोठ्यानं म्हणते, वड.

कोणी ओढत नाही.